चमच्यांच्या खणातलं अंदाजपत्रक

मी अंदाजपत्रक बोलतोय. एवढं लांबलचक नाव तोंडात बसत नाही म्हणून लोक मला कोटेशन म्हणतात, कुणी एस्टिमेट म्हणतं, आणि घाईतली माणसं नुसतंच "तो कागद" म्हणतात. सध्या माझा मुक्काम एका स्वयंपाकघरात, ओट्याखालच्या चमच्यांच्या खणात आहे. खणाच्या तळाशी मला अंथरलंय. माझ्या अंगावर चमचे, डाव, एक बोथट सुरी आणि कधीच न लागणारं बाटल्या उघडायचं यंत्र. माझ्या कपाळाला भोक पडलंय. ते कसं पडलं, तेवढंच मला सांगायचं आहे. बाकी माझी काही तक्रार नाही असं म्हणणार होतो, पण ते खोटं होईल. माझी भरपूर तक्रार आहे.

गंमत बघा. ज्या खणात मी पडलोय त्याचं वर्णन माझ्याच दुसऱ्या पानावर आहे. "ओट्याखाली डावीकडे चमच्यांचा खण. पूर्ण बाहेर येईल. ढकलला की शेवटी आपोआप हळू होईल." म्हणजे मी आधी जन्मलो, हा खण माझ्यानंतर. बापाला मुलाच्या घरात कसाबसा कोपरा मिळावा, तसं झालं माझं.

मला जन्म दिला ताईने. सुतार, प्लंबर, रंगारी, सगळे तिला ताई म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. ती बरीच वर्षं एका मोठ्या ठेकेदाराच्या ऑफिसात अंदाजपत्रकं तयार करत होती. घर मोजायची ती, गिऱ्हाइकाचं म्हणणं ऐकून घ्यायची ती, कागदावर एकेक काम उलगडून लिहायची ती. वर नाव मालकाचं आणि खाली सही मालकाची. गिऱ्हाइकं म्हणायची, तुमचा कागद वाचताना घर डोळ्यांपुढे उभं राहतं. मालक मान डोलवून म्हणायचे, हो, आमची तशी पद्धतच आहे.

एक दिवस तिने ती नोकरी सोडली आणि स्वतःचं काम सुरू केलं. ऑफिस म्हणजे घरातल्या जेवणाच्या टेबलाची खिडकीकडची बाजू. नवरा बाहेरगावी नोकरीला, घरी ती आणि सासूबाई. माणसं विचारपूस करायला यायची, बोलणं ऐकून खूश व्हायची आणि उठताना सगळी एकच विचारायची, "आधी केलेलं एखादं काम दाखवाल का?" जुन्या मालकाच्या नावावर झालेली कामं आपली म्हणून दाखवणं ताईला पटत नव्हतं. त्यामुळे तिच्याकडे दाखवायला काही नव्हतं. तिला एक खोली हवी होती. स्वतःच्या नावाने उभी राहिलेली, दार उघडून "या, बघा" म्हणता येईल अशी एक खोली. ती मिळाली की पुढचं ती बघून घेणार होती. न मिळाली तर जुन्या मालकाच्या दारात परत जाऊन उभं राहायचं, एवढंच उरलं होतं.

अशात तिच्या सख्ख्या थोरल्या भावाचा फोन आला. त्याला स्वयंपाकघर नवं करायचं होतं.

"अगं, घरचं काम आहे. तू असताना मी दुसरीकडे कशाला जाऊ?" दादा म्हणाला.

ताई त्या दिवशी गुणगुणत होती म्हणे. हे मला सासूबाईंच्या बोलण्यातून कळलं, कारण त्या गुणगुणण्याची त्यांनी पुढे कितीतरी दिवस टिंगल केली.

ती दादाच्या घरी गेली आणि सगळं मोजून आली. भिंती मोजल्या, खिडकी मोजली, वहिनीला ओट्यासमोर उभं करून कोपरापासूनची उंची मोजली. वहिनीची एकच हौस होती. भांडी घासताना समोर भिंत नको, खिडकी हवी. म्हणजे सिंक उचलून खिडकीखाली न्यायचं. ऐकायला सोपं, पण जुनी सांडपाण्याची वाट समोरच्या कोपऱ्यात, आणि मध्ये गॅलरीचं दार. पाइपाला दारातून उडी मारता येत नाही. त्याला जमिनीखालून जावं लागतं, आणि जाताना उतारही लागतो. त्यासाठी खिडकीकडची जमीन चार बोटं उचलायला हवी होती. ताईने हे सगळं टिपून घेतलं. त्या टिपणांतून मग मी झालो.

इथे आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. ताईचं कुठलंही अंदाजपत्रक गिऱ्हाइकाच्या हातात जाण्याआधी सासूबाईंनी मोठ्याने वाचायचं. सासूबाईंना बांधकामातलं ओ की ठो कळत नव्हतं आणि कळून घ्यायची इच्छाही नव्हती. म्हणूनच त्यांची नेमणूक होती. वाचताना त्या जिथे अडखळतील ते वाक्य बाद. त्यांना कळलं की जगात कुणालाही कळेल, असा ताईचा हिशेब.

चष्मा पुसून, पदर सावरून त्या मला घेऊन बसल्या.

"'सॉफ्ट क्लोज बिजागरी'. हे काय असतं? खायचं की लावायचं?"

"आई, कपाटाचं दार सोडून दिलं ना, तरी ते धाडकन आपटत नाही. हळूच मिटतं."

"मग तसं लिही की! दार सोडून दिलं तरी आपटणार नाही, हळूच मिटेल. ती बिजागरी घेऊन मला काय करायचंय?"

ताईने तसं लिहिलं. सासूबाई पुढे सरकल्या आणि परत थांबल्या.

"'इतर खर्च'. हे इतर कोण?"

"म्हणजे आयत्या वेळी काही किरकोळ निघालं तर..."

"पाहुणा असेल तर नाव सांगून यावं त्याने. असा तोंड लपवून कशाला येतो?"

ताई खळखळून हसली, पण ओळ खोडली. त्या 'इतर'च्या पोटात जे काही होतं ते एकेक करून बाहेर काढलं. जुन्या ओट्याचा मलबा गाडीने नेणं, काम चालू असेपर्यंत गॅलरीत तात्पुरता नळ, जिन्यावर पडलेली धूळ झाडून देणं. प्रत्येकाला स्वतःची ओळ मिळाली. माझं अंग कसं मोकळं झालं.

जमीन उचलायच्या कलमावर मात्र सासूबाई हटूनच बसल्या. चांगली सपाट जमीन उचलायची कशाला, हे त्यांना काही केल्या पटेना. शेवटी ताईने चहाचा ट्रे आणला, त्यात पाणी ओतलं आणि टेबलावर ठेवला. पाणी जागच्या जागी बसून राहिलं. मग तिने ट्रेची एक बाजू जराशी उचलली.

"गेलं की गं पळत," सासूबाई म्हणाल्या. "हे महत्त्वाचं आहे. ठळक लिही. नाहीतर माझ्यासारखं कुणीतरी म्हणेल, काढून टाका."

तेव्हा ताईने माझ्या अंगावर लिहिलेलं वाक्य मला पाठ आहे. "हे काम झाल्यावर दिसणार नाही, पण ते वगळू नये. वगळल्यास सिंकमध्ये पाणी तुंबेल."

शेवटी एक पान होतं, "यात काय नाही" या मथळ्याचं. नवी शेगडी यात नाही, पंखा यात नाही, बाहेरच्या खोलीचा रंग यात नाही. नंतर तोंड वाकडं व्हायला नको म्हणून सगळं आधीच सांगितलेलं. आणि पहिल्या पानावर, सगळ्यांत वर, ताईचं नाव. आयुष्यात पहिल्यांदा तिचं स्वतःचं नाव. त्याच्या खाली बारीक अक्षरांत, "यातले दर आजपासून तीस दिवस लागू राहतील." छापून झाल्यावर तिने मला हातात धरलं आणि नुसती त्या नावाकडे बघत राहिली. मला वाटलं, आपण कुणीतरी आहोत.

दादाच्या घरी तिने मला टपालासारखं टाकलं नाही. समोर बसून एकेक ओळ समजावली. जमिनीच्या उताराशी आल्यावर दादाच्या कपाळावर आठी पडली, तेव्हा तिने पहिलं पान पालथं घातलं आणि माझ्या पाठीवर पेन्सिलीने चित्र काढलं. खिडकी, सिंक, दार, जमिनीखालून जाणारा पाइप आणि पाण्याची वाट दाखवणारा एक मोठा बाण.

"वा!" दादा म्हणाला. "एवढं स्वच्छ मला माझ्या ऑफिसातसुद्धा कुणी लिहून देत नाही. आता कुणीही हा कागद हातात घेऊन डोळे मिटून काम करेल."

हे वाक्य ऐकून ताई सुखावली. मीही सुखावलो. दोघंही भोळे होतो.

"काम झाल्यावर लोकांना दाखवायला आणलं तर चालेल ना, दादा?" तिने विचारलं. "मला दाखवायला एक तरी काम हवंय रे."

"अगं, हे काय विचारणं? तुझंच घर आहे."

ती गेली. त्याच संध्याकाळी दादाने विजेच्या बिलाचा पांढरा काठ कात्रीने कापला, त्याला डिंक लावला आणि ती पट्टी माझ्या कपाळावर चिकटवली. ताईचं नाव झाकलं, नावाखालची मुदतही झाकली. बोटाने दाबून, फुंकर मारून नीट वाळवली. इतक्या हळुवारपणे कुणी माझं तोंड बंद करेल असं वाटलं नव्हतं.

मग मला झेरॉक्सच्या दुकानात नेलं. दुकानदाराने पट्टी बघितली, मला काचेवर पालथं घातलं आणि म्हणाला, "घरूनच झाकून आणलंत? बरं केलंत. लोक इथे येऊन नाव झाकायला माझा पुठ्ठा मागतात." म्हणजे ही रोजचीच गोष्ट होती! माझ्या कितीतरी भाऊबंदांची तोंडं त्या काचेवर झाकली गेली असतील. प्रकाश अंगावरून सरकला आणि माझी बिननावाची भावंडं धडाधड बाहेर पडली.

घरी आल्यावर वहिनीने विचारलं, "पण तिला सांगितलंत का, बाकीच्यांनाही विचारतोय म्हणून?"

"तुला कळत नाही," दादा म्हणाला. "घरच्या माणसाला ओरडता येतं का? काम बिघडलं तर बोलायची चोरी, भाव करायचा तर लाज. परक्याला कसं, चार शब्द सुनावता येतात. उलट मी तिच्याशी संबंध चांगले राहावेत म्हणूनच करतोय हे."

दादा वाईट माणूस नाही. वाढदिवस लक्षात ठेवतो, बहीण आजारी पडली तर धावत जातो. म्हणूनच माझा राग कुठे ठेवावा हे मला कळत नाही. चोराने फसवलं तर माणूस बोंब मारून मोकळा होतो.

मग ठेकेदार येऊ लागले. त्यांतला एक कायमचा माझ्या लक्षात राहिला. खोलीतसुद्धा त्याचा काळा गॉगल डोक्यावर चढवलेला असायचा, म्हणून वहिनी त्याला गॉगल म्हणायची. स्वतःचं अंदाजपत्रक म्हणून तो व्हिजिटिंग कार्डाच्या मागे एक आकडा लिहून द्यायचा. बस्स. दादाने त्याच्यापुढे माझी झेरॉक्स टाकली, तसा तो खुर्चीत सावरून बसला.

"कुणी बनवलंय हो हे? मोजमापं काढलेली, माल लिहिलेला... माझं तर निम्मं काम झालं." त्याने पानं उलटली आणि मध्येच मोठ्याने हसला. "'दार सोडून दिलं तरी आपटणार नाही, हळूच मिटेल.' वा, काय गोड लिहिलंय!"

सासूबाईंचं वाक्य त्याच्या तोंडून ऐकताना माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"हे सगळं मी करतो," गॉगल म्हणाला, "आणि ह्याच्यापेक्षा कमीत. फक्त हे जमीन उचलणं-बिचलणं काढून टाकू. कशाला? पाणी काय वर चढून येणार आहे?"

दादाच्या हातात मी होतो, मूळ कागद. त्याने मला उलटं केलं आणि पाठीवरच्या बाणाकडे बघितलं. मला वाटलं, आता तो बहिणीचं ऐकेल.

"तसंही ते दिसणार नाहीच ना?" त्याने विचारलं.

"छे! जमिनीच्या पोटात कोण बघतंय?"

दादाने लाल पेन घेतलं आणि माझ्या अंगावरचं ते कलम खोडलं. "वगळू नये" या शब्दांवरूनच रेघ गेली. माणसांचं मला एक कळलंय. डोळ्यांना दिसेल त्याचे पैसे देताना त्यांचा हात सैल सुटतो. जे जमिनीखाली गेलं त्याचे द्यायचे म्हटले की पोटात दुखतं.

ताईचा फोन दोनदा आला. पहिल्यांदा दादा म्हणाला, "बघतोय गं, घरात चर्चा चालू आहे." दुसऱ्यांदा म्हणाला, "सध्या थांबवलंय सगळं. यंदा जमेल असं वाटत नाही." त्या वेळी जुना ओटा फोडायला माणसं आली होती. दादा फोन घेऊन जिन्यात गेला आणि दार ओढून घेतलं, हातोड्याचा आवाज तिकडे जाऊ नये म्हणून. मी बाहेरच्या खोलीतल्या कपाटात बिलांच्या गठ्ठ्यात पडून होतो. माझ्या आतलं एकेक वाक्य भिंतीपलीकडे खरं होताना ऐकत होतो. कापणं, ठोकणं, घासणं. स्वतःच्या लग्नाची वाजंत्री शेजारच्या खोलीतून ऐकावी आणि आपल्याला बोलावणंच नसावं!

काम संपल्यावर वहिनी कपाट आवरायला बसली. नव्या खणांना तळाशी घालायला तिला कोरा, जाड कागद हवा होता. मी जाड होतो. ताईने मुद्दाम चांगला कागद घेतला होता. वहिनीने माझी टाचणी काढली, कडा कात्रीने सारख्या केल्या आणि आम्हा सगळ्या पानांना चमच्यांच्या खणात पालथं घातलं. पहिलं पान सगळ्यांत वर. छापील तोंड खाली, पाठ वर. पाठीवर ताईचं पेन्सिलीचं चित्र तसंच होतं, पण वहिनीला ते कुणाचंतरी गिरगटणं वाटलं असावं. तिच्या मनात काही नव्हतं. वरून चमचे पडले.

आणि मग एका दुपारी ओट्यापाशी ओळखीचा आवाज आला.

"ही कुठली बिजागरी गं? दार हळूच मिटलं की!"

सासूबाई! बाजारात वहिनी भेटली होती. तिला वाटलं, एव्हाना दादाने ताईला सगळं सांगितलं असेल. "स्वयंपाकघर झालं, बघायला तरी या," म्हणून दोघींना घेऊनच आली. दादा घरी होता. शेजारच्या बाईही आल्या होत्या, कारण त्यांनाही असंच स्वयंपाकघर करायचं होतं.

ताईचा हात ओट्याच्या कडेवरून फिरत होता, एवढं मला खाली खणात जाणवत होतं. दादा तिच्याजवळ येऊन घाईघाईने कुजबुजला, "अगं, अचानक ठरलं. तुला सांगणारच होतो. घरच्या माणसाशी पैशांचा व्यवहार नको, एवढंच."

"थांबवलंय म्हणाला होतास," ताई म्हणाली.

त्याला उत्तर द्यावं लागलं नाही, कारण शेजारच्या बाई मध्येच बोलल्या. "काय सुरेख केलंय हो! सगळं कसं हाताशी आहे. कुणी काढून दिलं हे?"

आता एक शब्द पुरेसा होता. दादाने नुसतं बोट बहिणीकडे केलं असतं तरी तिला तिची खोली मिळाली असती. शेजारच्या बाई म्हणजे पुढचं काम, त्यांच्या ओळखीतलं त्याच्या पुढचं.

"अहो, काढून काय द्यायचंय?" दादा हसला. "ठेकेदार काय, सांगू तसं करतो. डोकं आमचंच."

सासूबाईंच्या बांगड्या वाजल्या. त्या काहीतरी बोलणार होत्या आणि ताईने त्यांचा हात दाबला असावा.

वहिनीने चहाचे कप विसळायला घेतले. नळ सुरू झाला. थोड्याच वेळात पाइपात गुडगुड झाली आणि पाणी खाली जायचं सोडून वर येऊ लागलं. घाण, चहाच्या पत्तीचं पाणी सिंकच्या काठापर्यंत आलं.

"अगंबाई! हे काय?" शेजारच्या बाई मागे सरकल्या.

"होतं असं कधी कधी," वहिनी ओशाळून म्हणाली.

"कधी कधी? नव्या कामात? कुणी केलं हो हे असं?"

तेव्हा दादा जे बोलला, त्यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

"तसं मुळात हिनेच काढून दिलं होतं," तो म्हणाला. "माझी बहीण. हीच कामं करते ना ती. घरचं माणूस म्हणून आम्ही विश्वास ठेवला."

कौतुकाच्या वेळी पट्टीखाली गेलेलं नाव पाणी तुंबल्यावर बरोबर वर काढलं त्याने. माझ्या पोटातली प्रत्येक ओळ ओरडत होती. मला उलटवा! वाचा! "वगळू नये" असं लिहिलंय, मी सांगतोय ना! पण कागदाचा आवाज तो केवढा? वरचे चमचेसुद्धा हलले नाहीत.

"असं होय," शेजारच्या बाई ताईकडे बघून म्हणाल्या. त्या 'असं होय'मध्ये तिचं पुढचं काम बुडालं.

"खणातून एक चमचा दे गं," वहिनी काकुळतीने ताईला म्हणाली. "ही जाळी उचलायची आहे."

खण उघडला. पूर्ण बाहेर आला, लिहिला होता तसाच. उजेड पडला आणि ताईचं तोंड मला दिसलं. तिने चमचा उचलायला हात घातला आणि तो तसाच थांबला. चमच्यांच्या मधून तिला तिचा बाण दिसला. तिची खिडकी, तिचं दार, पाण्याची वाट. तिने मला ओळखलं.

तिने मान वर करून दादाकडे बघितलं. दादानेही खणात वाकून बघितलं. मी इथे असल्याचं त्याला आत्ताच कळत होतं. मला उलटायचा अवकाश, की लाल रेघ आणि तिच्याखालचं वाक्य सगळ्यांपुढे आलं असतं. ताईचा अंगठा माझ्या कडेखाली गेला. कड उचललीसुद्धा.

"सापडला का चमचा?" दादाने विचारलं.

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याने बोलावं म्हणून थांबली होती, हे मला कळत होतं, त्यालाही कळत होतं. तो सिंककडे बघू लागला.

"सापडला," ताई म्हणाली. तिने मला खाली सोडलं, चमचा वहिनीला दिला आणि खण ढकलला. खण शेवटी हळू झाला आणि आवाज न करता मिटला.

खरं सांगतो, दादाने मला झाकलं तेव्हा झालं नव्हतं एवढं दुःख मला त्या क्षणी झालं. तिनेही मला झाकलं! जिने प्रत्येक शब्द कुणालाही कळावा म्हणून घासूनपुसून लिहिला, तिनेच ऐन वेळी मला वाचू दिलं नाही. अंधारात पडल्या पडल्या मी तिच्यावरही चिडलो. मग पुष्कळ दिवस विचार करत राहिलो. दादाचा खोटेपणा परक्यांना कळायला नको होता तिला, एवढंच मला सुचतं. भावाची अब्रू सांभाळायचा खर्च तिने माझ्यात कुठेच धरला नव्हता. तो तिने त्या दिवशी पदरचा केला.

तिला तिची खोली मिळाली नाही. शेजारच्या बाईंचं काम गॉगलने घेतलं म्हणे. ताई परत जुन्या मालकाकडे गेली का, हे या खणात मला कोण सांगणार?

पाणी तुंबतच राहिलं. गॉगलने फोन उचलणं सोडलं. एका सकाळी दादा बाह्या वर करून सिंकमध्ये हात घालून उभा होता. फोन ओट्यावर ठेवलेला, आवाज मोठा केलेला. पलीकडे ताई होती.

"अगं, हे पाणी काही ऐकत नाही. तू ते जमिनीचं लिहिलं होतंस ना, तेवढं करून दे. तेव्हा जो दर लावला होतास तोच धरू या. घरचंच काम आहे."



"दादा, त्या दरांना मुदत होती," ताई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. गिऱ्हाइकाशी बोलते तसं बोलत होती.

"घरच्या कामाला कसली गं मुदत? आणि कुठे लिहिली होतीस? मी तर सगळा कागद वाचला होता."

"पहिल्या पानावर आहे. वर, माझ्या नावाखाली. बघ, दिसतेय का."

दादाने हात पुसले आणि खण उघडला. चमचे बाजूला सारले, मला बाहेर ओढलं आणि कितीतरी दिवसांनी सुलटं केलं. कपाळावर पट्टी. विजेच्या बिलाचा काठ, त्याच्याच हाताने कापलेला, फुंकर मारून वाळवलेला.

त्याने नखाने पट्टीचं टोक उचललं. डिंक चांगला बसला होता. त्याने ओढली, तसा माझा कागद टरकला आणि पट्टीबरोबर ताईचं नाव निघून आलं. तिथे भोक पडलं. भोकातून त्याला ओटा दिसत असेल.

"दिसलं का, दादा?" फोनमधून आवाज आला. "सावकाश बघ. मी थांबते."

ती थांबली, बराच वेळ थांबली. मग तिने फोन ठेवला.

दादाने मला परत खणात घातलं. या वेळी तोंड वर करून. आता खण उघडला की पहिलं ते भोक दिसतं. चमचा घेताना तो माझ्याकडे बघत नाही.

माझं सांगून झालं. माझी मुदत केव्हाच संपली, आता रद्दीवाल्याची वाट बघायची. तुमच्याकडे उद्या कुणी माझ्यासारखा कागद घेऊन येईल. काम द्यायचं तर द्या, नाहीतर तोंडावर नाही म्हणा. नकार ऐकायची आम्हाला सवय आहे, नकाराने कुणी मरत नाही. फक्त ज्याने तुमच्यासाठी बसून एकेक ओळ लिहिली, त्याच्या नावावर डिंक लावू नका. तो निघता निघत नाही आणि निघाला तर नाव घेऊन जातो.

वहिनीने नळ सोडलाय. पाइपात गुडगुड सुरू झाली. आता पाणी वर येईल.